जादाच्या सहा काचा

धाकटी नेमकं काय काम करते, हे घरच्यांच्या डोक्यात शिरायला बरीच वर्षं गेली. हॉस्पिटलात आहे एवढं सगळ्यांना ठाऊक. मग कुणी तिला नर्स म्हणायचं, कुणी रक्त काढणारी. एका मावशीनं तर गुडघेदुखीवर गोळी विचारली. धाकटी म्हणाली, "मावशी, गुडघ्याचा एक तुकडा आणून दे, मग सांगते." मावशी पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

तर काम असं. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा बाटलीत घालून तिच्याकडे येतो. ती तो औषधात मुरवते आणि मेणात बसवते. मेणाची ती वडी काडेपेटीहून लहान, तिला ब्लॉक म्हणतात. ब्लॉक यंत्राला आवळायचा आणि हातानं चाक फिरवायचं. ब्लॉक पात्यावरून खाली जातो आणि एक पापुद्रा निघतो. किती पातळ? डोक्याचा एक केस उभा चिरून वीस भाग करा, त्यातला एक भाग. असे पापुद्रे एकाला एक चिकटून फीत होते. फीत कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती गेली की खालून काच घालून अलगद उचलायची. काच रंगवायची आणि वरच्या मजल्यावर मॅडमकडे पाठवायची. मॅडम मायक्रोस्कोपला डोळा लावून रोगाचं नाव लिहितात. खाली सही मॅडमची. धाकटीचं नाव कागदावर कुठंही नाही.

तिचा थोरला भाऊ सुतार. सातवीत शाळा सुटली, पण हातातली अक्कल कुणी काढून घेऊ शकत नाही, असं तो म्हणतो. गिऱ्हाईक दाराला बिजागऱ्या मागायला आलं तरी बहिणीची गोष्ट ऐकल्याशिवाय त्याची सुटका नाही. "डॉक्टरला दिसतं ते आमच्या धाकटीनं दाखवलेलं दिसतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि धाकटीचा हात कुणी घडवला, हे गिऱ्हाइकानं विचारलं नाही तर तो स्वतःच विचारतो आणि स्वतःच सांगतो.

ते खोटं नाही. वडील लवकर गेले, आई शिवणावर बसायची, आणि शाळा सुटली की धाकटी भावाच्या कारखान्यात येऊन बसायची. कारखाना म्हणजे पत्र्याखाली दोन टेबलं. तिथं तिनं रंधा हातात धरला. थोरला तिनं काढलेला लाकडाचा पापुद्रा वर्तमानपत्रावर ठेवायचा. खालची अक्षरं वाचता आली तर ठीक, नाही तर पुन्हा. अकराव्या वर्षी तिनं चौकटीच्या अख्ख्या लांबीचा पापुद्रा एका दमात काढला, कुठंही न तुटता. थोरल्यानं तो अजून जपून ठेवलाय म्हणे. वहिनी म्हणते, तो त्याच दिवशी केरात गेला.

पुढं धाकटी शिकली, परीक्षा दिली आणि हॉस्पिटलच्या तळघरात त्या यंत्रापुढं बसली. पहिल्या दिवशी चाक फिरवून पहिला पापुद्रा निघाला तेव्हा तिला वाटलं, अरे, हा तर रंधाच. फक्त इथं रंधा जागेवर बसतो आणि लाकूड हलतं.

आता चूक. चुकीशिवाय या बाईची गोष्ट पुरी होत नाही.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका म्हाताऱ्याच्या यकृतातून सुईनं काढलेला तुकडा आला होता. सुईचा तुकडा म्हणजे शिवणाच्या दोऱ्याएवढा. तिनं पहिल्या काचा काढल्या, ब्लॉक उतरवून ठेवला. दोन दिवसांनी वरून निरोप आला, आणखी काचा हव्यात. ब्लॉक पुन्हा यंत्राला लावला. पण एकदा उतरवलेला ब्लॉक पुन्हा त्याच कोनात बसत नाही, केसभर तरी तिरका बसतोच. मग तो सपाट करायला वरचं मेण छिलावं लागतं. ती छिलत गेली. सपाट झाला तेव्हा मेण शिल्लक होतं आणि तुकडा पात्याखालच्या कचऱ्यात गेला होता.

म्हाताऱ्याला पुन्हा सुई टोचली. ऑफिसनं घरच्यांना सांगितलं, नमुना अपुरा होता. पण म्हातारा चौकस निघाला. विचारत विचारत तळघरात उतरला आणि दारात उभा राहून म्हणाला, "माझा तुकडा हरवला म्हणे."

"हरवला नाही, बाबा," धाकटी म्हणाली. "मी कापून संपवला."

म्हातारा म्हणाला, "खरं बोललीस. दुसरा नीट काप." आणि काठी टेकत निघून गेला. थोरल्याला हे कळलं तेव्हा त्यानं तिला काहीही सुनावलं नाही. त्यानं फक्त एक प्रश्न विचारला. ब्लॉक पहिल्यांदा सरळ असतो, तेव्हाच जास्त का काढून ठेवत नाहीस?

प्रश्न सुताराचा होता. फळी रंध्याखाली आहे तोवरच सगळ्या पट्ट्या काढून घ्यायच्या, हे सुताराच्या पोराला सांगावं लागत नाही. धाकटीनं दुसऱ्या दिवसापासून तसं सुरू केलं. सुईचा तुकडा असला की लागणाऱ्या काचांवर सहा काचा जादा. न रंगवलेल्या, चिकट लेपाच्या, म्हणजे पुढं कुठलाही खास रंग चढवायचा झाला तर पापुद्रा सुटू नये. टोकाला पेन्सिलीनं नंबर. थोरल्यानं त्यासाठी एक पेटी करून दिली. आत खाचा, प्रत्येक खाचेत एक काच उभी, शेजारणीला न टेकता. एकही खिळा नाही. असली पेटी परदेशी कंपनीलाही जमणार नाही, असं थोरला म्हणतो. परदेशी कंपनीला कुणी विचारलेलं नाही.

बारा वर्षं हे चाललं. त्यातल्या बहुतेक काचा कधीच लागल्या नाहीत. सहा महिने झाले की ती त्या टाकून द्यायची आणि नव्या ठेवायची.

मग खात्याला नवे मुख्य आले. त्यांना सगळे मागून घड्याळसाहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. कामाला पक्का, फक्त प्रत्येक गोष्टीला किती मिनिटं लागतात हे त्यांना पाठ असायचं. त्यांनी पेटी बघितली आणि विचारलं, यातल्या किती वापरात येतात? धाकटीनं खरं ते सांगितलं. साहेब म्हणाले, एका तुकड्यामागं अकरा मिनिटं, आठवड्याला होतात किती ते बघा. उद्यापासून बंद.

धाकटीनं मान हलवली. त्या मानेचा अर्थ घरच्यांना लहानपणापासून माहीत आहे. साहेबांना माहीत नव्हता. पेटी टेबलावरून तिच्या कपाटात गेली आणि जादाच्या काचा जेवणाच्या सुट्टीत निघू लागल्या. अळीमिळी गुपचिळी. डबा ती चाक फिरवून झाल्यावर खायची.

ती पाच वर्षांची मुलगी या सगळ्यानंतर आली.

धाकटीनं तिला कधी पाहिलं नाही. तिला कळलं ते बाटलीबरोबर आलेल्या कागदावरून, आणि थोडं सोनोग्राफीवाल्याकडून. सोनोग्राफीवाला बडबड्या, चहाच्या वेळी तळघरात येऊन बसायचा. मुलीला महिनाभर उलट्या होत होत्या. आधी जंतांचं औषध झालं. मग सकाळी डोळे सुजायला लागले, पोट मोठं दिसायला लागलं. सोनोग्राफीवाल्यानं पोटावर यंत्र ठेवलं आणि त्याची बडबड थांबली. दोन्ही किडन्या वयाच्या मानानं दुप्पट मोठ्या. रक्तात साठणारा मळ रोज वाढत होता.

डॉक्टरांत दोन मतं पडली. सर्जनचं म्हणणं, लहान मुलांत किडनीची एक नेहमीची गाठ असते, तीच ही. पोट उघडायचं, डावी किडनी जास्त खराब दिसते ती काढायची, उजवीचं काय ते तिथंच ठरवायचं. किडनीच्या डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, गाठ असती तर एका जागी दिसली असती. या तर दोन्ही किडन्या सगळीकडून सारख्या फुगल्यात. हे दुसरंच काहीतरी आहे, आणि दुसरं असलं तर किडनी काढणं म्हणजे पोरीचं आहे तेही घालवणं. सर्जनचंही चूक नव्हतं. नेहमीचं ते नेहमी असतं म्हणूनच नेहमीचं, आणि मुलगी दिवसेंदिवस खालावत होती. थांबून बघायला वेळ नव्हता.

सुई घालायचं ठरलं. दोन तुकडे निघाले. एक किडनीच्या सुजेच्या तपासण्यांसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेत गेला, तो परत मिळणारा नव्हता. एक धाकटीकडे आला. तिसरा घ्यायला गेले तेव्हा आत रक्त सुटलं आणि सुई बाहेर काढावी लागली. कागदावर डॉक्टरीणबाईंनी लाल शाईत लिहिलं होतं, पुन्हा नमुना मिळणार नाही.

धाकटीनं ती ओळ वाचली. मंगळवारी दुपारी तिनं ब्लॉक लावला, रंगवायच्या दोन काचा काढल्या आणि सगळे जेवायला गेल्यावर जादाच्या सहा. बुधवारी संध्याकाळी मॅडमनी रंगवलेल्या काचा पाहिल्या. किडनीचं मूळचं नक्षीकाम जवळपास दिसतच नव्हतं. गोल, गडद, लहान पेशी खच्चून भरलेल्या. मधेमधे एखादी मोठी फिकट पेशी, काळ्या आभाळात चांदणी दिसावी तशी. मॅडमना संशय आला तो लिम्फोमाचा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचा. तो बहुधा मानेत, पोटात, छातीत सुरू होतो. नुसता किडन्यांमध्येच बसलेला, तोही एवढ्याशा मुलीच्या, हे मॅडमनी सव्वीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. आणि संशयावर कुणी औषध देत नाही. गोल गडद पेशी त्या नेहमीच्या गाठीतही असतात. फरक सांगायला खास रंग लागतात, आणि दर रंगाला वेगळी काच लागते. मॅडमनी दहा काचा मागवल्या. ऑपरेशन शुक्रवारी सकाळी नऊला ठरलं होतं. मुलीच्या बापानं सही केली होती.

गुरुवारी धाकटीची अर्ध्या दिवसाची रजा होती. लेकीच्या शाळेत बाईंनी बोलावलं होतं. लेक वर्गात फार बोलते, ही तक्रार. ती अकराला येणार म्हणून सांगून गेली होती. दहा काचांचा निरोप साडेआठला खाली आला, आणि घड्याळसाहेब काही अकरापर्यंत थांबणारा माणूस नव्हे. त्यांनी स्वतः ब्लॉक लावला.

धाकटी अकराला आली तेव्हा साहेब यंत्रापाशी उभे होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांची पाठ होती. हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

"ब्लॉक वाकडा बसला होता," ते म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडं, हे धाकटीच्या ओठावर आलं होतं. थोरला असता तर बोलून मोकळा झाला असता. तिनं पात्याखालचा कचरा पाहिला आणि तिला काठी टेकत गेलेला म्हातारा आठवला.

"किती निघाल्या?" तिनं विचारलं.

"एक. तीही अर्धी."

तिनं पर्स खुंटीला लावली, कपाट उघडलं आणि पेटी काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी पेटी ओळखली. तिनं झाकण सरकवलं, नंबर वाचला आणि एकेक काच काढून समोर मांडली.

"या कधीच्या?"

"मंगळवारच्या."

"मी बंद करायला सांगितलं होतं."

"हो."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"किती आहेत?"

"सहा."

"मॅडमना दहा हव्यात."

"मॅडमना सहात बसवायला लागेल," धाकटी म्हणाली.

साहेबांनी वर जाऊन झालं ते स्वतःच्या तोंडानं मॅडमना सांगितलं. झाकपाक केली नाही. हे त्यांच्या बाजूनं लिहिलं पाहिजे, थोरल्याला ते मान्य नसलं तरी. मॅडम खाली आल्या, स्टुलावर बसल्या आणि दहा रंगांची यादी पुढं घेऊन एकेक खोडू लागल्या. सहा उरले. धाकटी म्हणाली, "मॅडम, पाच लावू. एक हातची राखू."

मॅडमना ते पटेना. सहाच्या सहा लावल्या तर उत्तर एकदम मिळेल. धाकटीनं त्यांना आठवण करून दिली, की रंग नीट धरावा म्हणून या काचा आधी कुकरमध्ये उकळायच्या आहेत. हो, घरात असतो तोच कुकर, शिट्टीवाला. त्या उकळीत कधी कधी पापुद्रा काच सोडतो. का सोडतो, याला धड उत्तर नाही. सगळं बरोबर केलं तरी सोडतो. मॅडमनी सहावा रंगही खोडला.

पाच काचा साडेअकराला कुकरमध्ये गेल्या. कुकर उघडला तेव्हा चार काचांवर पापुद्रा होता. पाचवी कोरी. पाण्यात बघितलं, तिथंही काही नाही. गेली ती नेमकी सगळ्यात महत्त्वाची, लिम्फोमाची नेमकी जात सांगणाऱ्या रंगाची. धाकटीनं हातची राखलेली शेवटची काच घेतली, ती पुन्हा ओव्हनमध्ये वाळवायला ठेवली, आणि पापुद्रा घट्ट बसावा म्हणून नेहमीपेक्षा वीस मिनिटं जास्त ठेवली. साहेब घड्याळाकडे बघत होते, पण घाई कर म्हणाले नाहीत.

चार काचांचं उत्तर साडेतीनला आलं. नेहमीच्या गाठीचा रंग चढला नव्हता, म्हणजे ती गाठ नव्हे. दुसऱ्या काचेवर पेशी पांढऱ्या पेशींच्या जातीच्या निघाल्या. तिसरीवर दिसलं की हा मज्जेतून आलेला रक्ताचा कॅन्सरही नव्हे. चौथ्या काचेवर जवळजवळ प्रत्येक पेशी दुभागत होती. एवढ्या झपाट्यानं फार थोडे रोग वाढतात. आता पांढऱ्या पेशींतली नेमकी कुठली जात, ते पाचवी काच सांगणार होती. औषध त्यावर ठरणार होतं.

ती काच कुकरमध्ये गेली तेव्हा धाकटी स्टुलावर बसली नाही. तिनं कुकर उतरवला, थंड व्हायची वाट बघितली, झाकण काढलं आणि चिमट्यानं काच वर धरली. दोऱ्याएवढी पुसट रेघ होती. जागेवर होती.

साडेसहाला मॅडमनी वरून फोन केला. साहेबांनी उचलला, ऐकला, ठेवला. "तपकिरी," ते म्हणाले. "सगळ्या पेशी तपकिरी आल्यात."

रंग चढला होता. लिम्फोमा, आणि जातही ठरली. मॅडमनी सर्जनला स्वतः फोन केला. सर्जननं अर्धा मिनिट वाद घातला, मग शुक्रवारच्या यादीतून मुलीचं नाव काढलं. पोट उघडलं गेलं नाही. औषध सुरू झालं, तेही जपून, कारण हा रोग औषधानं इतका भराभर विरघळतो की त्याचा मळ गाळायला आजारी किडन्या पुऱ्या पडत नाहीत. म्हणून डायलिसिसचं मशीन पलंगाशेजारी उभं ठेवलं. दोनदा लागलं. आठव्या दिवशी सोनोग्राफीवाला चहाला आला आणि न विचारता म्हणाला, "उतरल्या. दोन्ही." त्या दिवशी त्याला दोन कप मिळाले.

रिपोर्ट चार ओळींचा होता. खाली मॅडमची सही.

दहाव्या दिवशी मुलीचा बाप तळघरात आला. मोठ्या हॉस्पिटलात दुसरं मत घ्यायचं होतं, त्यासाठी काचा हव्या होत्या. धाकटीनं रंगवलेल्या काचा डबीत भरून त्याच्या हातात दिल्या. त्यानं एक काढून ट्यूबलाइटसमोर धरली. त्याला एक तपकिरी दोरा दिसला असेल, बोटाच्या पेराएवढा.

"एवढ्यावरनं कळलं?"

"एवढ्यावरनंच."

"अजून आहे का काही शिल्लक?"

"नाही. होतं तेवढं सगळं लागलं."

त्यानं काच परत डबीत ठेवली, डबी शर्टाच्या आतल्या खिशात घातली, वरून हात ठेवला. मग विचारलं, तुम्ही डॉक्टर का? धाकटी म्हणाली, नाही, मी कापते. तो बरं म्हणाला आणि जिना चढून गेला.

पुढच्या सोमवारी फलकावर साहेबांच्या सहीचा कागद लागला. सुईनं काढलेल्या प्रत्येक तुकड्यामागं सहा काचा जादा काढून ठेवाव्यात. आदेशावरून.

हे ऐकून थोरल्याचं डोकं फिरलं. बारा वर्षं जे बहिणीनं केलं, आणि जे मुळात त्यानं सुचवलं, ते आता साहेबाच्या नावानं भिंतीवर. वर जा, सांग, नाही तर मी येतो, असं तो हातात पटाशी घेऊन बोलत होता. वहिनीनं त्याच्या हातून पटाशी काढून घेतली. धाकटी त्याचं सगळं ऐकून घेत होती. बोलणं संपल्यावर तिनं पिशवीतून जुनी पेटी काढून टेबलावर ठेवली.

"दादा, आता सगळेच ठेवणार. ही पुरायची नाही. शंभर खाचांची कर."

"आणि नाव?"

"आणि खाचा जरा खोल घे. काच हलते."

थोरल्यानं पेटी उचलून कानाशी हलवली. एक कोरी काच आत राहिली होती, कुकरमध्ये पापुद्रा सोडलेली. ती वाजली. त्यानं ती बाहेर काढली आणि खिशातल्या पेन्सिलीनं काचेच्या कडेची जाडी फळीवर उतरवून घेतली.